धाकट्या बाई उठल्या तर

प्रयोग दुपारी तीनचा होता, आणि सकाळी अकरापासून कलमकाकांच्या डोक्यात एकच प्रश्न होता: धाकट्या बाई उठल्या तर?

एकोणऐंशी वर्षांची बाई आपल्या पायांनी खुर्चीतून उठली तर लोक तिच्या गुडघ्यांचं कौतुक करतात, धसका घेत नाहीत. पण कलमकाकांच्या आतल्या खिशात एक करारपत्र होतं आणि त्यातलं चौथं कलम असं होतं: "प्रयोग चालू असताना परवानगी देणार (म्हणजे धाकट्या बाई) ह्या आपल्या आसनावरून उठून उभ्या राहिल्यास, कारण न विचारता, पडदा तत्काळ पाडण्यात येईल व त्या दिवशीचा प्रयोग संपला असे समजण्यात येईल."

असलं फासासारखं वाक्य कुणी दुष्टाव्यानं लिहिलं असेल, असं वाटण्याचा संभव आहे. ते स्वतः कलमकाकांनी लिहिलं होतं. स्वच्छ अक्षरात, तीन प्रतींत.

काका दस्तनोंदणी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्तीला सव्वा महिना उरला होता. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांची, जमिनींची आणि भांडणांची कागदपत्रं तपासून त्यांची अशी अवस्था झाली होती, की वाण्याच्या यादीच्या शेवटीही ते "व इतर अनुषंगिक जिन्नस" असं लिहीत. इमारतीतले सगळे त्यांना कलमकाका म्हणत. त्यांना तो सन्मान वाटे. तो सन्मान नाही हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, पण एवढ्यातेवढ्यावरून संसारात वाद कशाला, म्हणून ती गप्प बसे.

तर झालं असं. कोपऱ्यावरच्या दुमजली घरात दोन बहिणी राहत. थोरल्या बाई भयकादंबऱ्या लिहीत. बंद हवेल्या, फक्त खाली उतरणारे जिने, डोळे फिरवणारी तैलचित्रं, असा सगळा ऐवज. बावीस कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी. निम्म्या शहरानं त्या भिंतीला पाठ टेकून वाचल्या होत्या, कारण पाठ उघडी ठेवून वाचण्याची कुणाची छाती नव्हती. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बाई गेल्या. आणि एक दिवस कचेरीतल्या जुन्या फायलींच्या धुळीत काकांना साक्षात्कार झाला, की या बाईंच्या आयुष्यावर संगीत आणि नृत्याचा एक प्रयोग व्हायला हवा, तो आपण लिहायला हवा आणि आपल्या मुलीनं त्यात नाचायला हवं.

साक्षात्कार म्हणायचं आपलं. खरं कारण काकांनी कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं. मुलगी दहावीत असताना शाळेच्या कार्यक्रमात तिनं नाच करायचं ठरलं होतं. काकांनी अभ्यासाचं कारण दाखवून तिचं नाव काढून घेतलं. तेही लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. ती पोच अजून कपाटात होती. मुलगी आता बत्तीस वर्षांची होती, बँकेतली नोकरी सोडून एका गॅरेजच्या माडीवर नाचाचा वर्ग चालवत होती, आणि बापाशी "किल्ली खुंटीला आहे" आणि "जेवून घ्या" यापलीकडे फारसं बोलत नव्हती. काकांनी सात नृत्यांची संहिता तिच्यापुढे ठेवली तेव्हा तिनं ती उभ्याउभ्या वाचली आणि विचारलं, "हे माझ्यासाठी लिहिलंत?"

"प्रमुख भूमिकेसाठी योग्य व्यक्ती म्हणून," काका म्हणाले. असल्या वेळी त्यांना दुसरी भाषाच सुचत नसे.

मुलगी हो म्हणाली. त्या रात्री काकांना दोन पोळ्या जास्त गेल्या.

मग परवानगीसाठी काका धाकट्या बाईंकडे गेले. बाईंनी संहिता चाळली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "करा बापडे. मी पुढे येऊन बसेन. पण तुम्ही तिला वेडीबिडी दाखवलीत ना, तर मी सरळ उठून उभी राहीन. मग बंद करा म्हणजे झालं."

दुसरा कुणी असता तर हसून, चहा पिऊन घरी आला असता. काकांनी खिशातून पेन काढलं. "तेवढं लेखी घेऊ या," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "अहो, बोललेच की मी." पण काकांच्या मते बोललेल्या गोष्टीला वारा लागतो. बाईंना विनाकारण प्रश्नोत्तरांचा त्रास होऊ नये म्हणून "कारण न विचारता" हे तीन शब्दही त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले, आणि घरी येताना त्या शब्दांवर इतके खूश होते की एक थांबा पुढे गेले.

त्यानंतर काका पहिल्यांदा खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. सादरीकरण परवाना कक्षातल्या कारकुनानं अर्ज पाहून विचारलं, "भुतं आहेत म्हणता. कुठल्या रकान्यात घालू? गायन, नृत्य, नाट्य आणि प्राणी, एवढेच रकाने आहेत."

"भुतांची कामं सहा मुली करणार आहेत."

"म्हणजे प्राणी नाहीत. बरं, प्रेक्षक घाबरणार का?"

"घाबरावेत अशी अपेक्षा आहे," काका अभिमानानं म्हणाले.

"मग डॉक्टर हजर पाहिजे. तसं हमीपत्र आणा." आणि खिडकी बंद झाली. आपण चौतीस वर्षं ती खिडकी किती जोरात बंद करत होतो, हे काकांना त्या क्षणी कळलं. नाकावर जवळजवळ आपटलीच.

डॉक्टर म्हणून शेवटी तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर मिळाले. "घाबरून कुणाची दातखीळ बसली तर माझंच काम," ते म्हणाले. नियमात डॉक्टर लिहिलं होतं, कशाचा ते लिहिलेलं नव्हतं. काकांनी तो नियम तीनदा वाचून खात्री करून घेतली.

कलम चारची बातमी मात्र बायकोकडून इमारतभर झाली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. म्हातारीला दुपारपासून पाणी देऊ नका. शेजारी गप्पिष्ट बाई बसवा. पायावर मांजर ठेवा, मांजर पायावर असलं की माणूस उठत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राचार्यांनी तर आपला सोफाच देऊ केला. हा सोफा इतका खोल होता, की त्यात बसलेल्या पाहुण्याला निघताना दोघांनी दोन्ही हात धरून ओढावं लागे. प्राचार्यांचे एक साडू त्यात मुक्कामाला राहिले होते म्हणतात.

"अहो, म्हातारीला कैदेत टाकताय की काय?" बायकोनं विचारलं.

काकांचा चेहरा पडला. कलम चार पाळायचं हे ठरलेलं होतं, पण ते अमलात येऊच नये अशी व्यवस्था करणं म्हणजे कागदाशी बेइमानी, हे त्यांना कळत होतं. "आसन आरामदायी असावं, एवढाच हेतू आहे," ते म्हणाले आणि सोफा चार जणांच्या खांद्यावरून सभागृहात गेला. त्या सोफ्यामागून चालताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

घरी चाललेल्या तालमीत आणखी एक ठिणगी पडली. सहाव्या नाचात थोरल्या बाई दिव्याजवळ एकट्या लिहीत बसतात, दिवा विझतो, सहा भुतं येतात आणि बाईंची निर्भय मुद्रा पाहून भुतंच पळतात, असं काकांनी लिहिलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, जी बाई आयुष्यभर भीतीच लिहिते, ती स्वतः कधी घाबरतच नसेल?"

"त्या निर्भय होत्या. सगळ्या शहराला माहीत आहे."

"शहर काय त्यांच्या खोलीत राहत होतं?"

"संहिता करारपत्राला परिशिष्ट म्हणून जोडली आहे," काकांनी सांगितलं. "आता त्यात बदल होणार नाही." मुलीनं घुंगरू सोडले आणि खुंटीवरची किल्ली घेऊन निघून गेली. दोन दिवस "जेवून घ्या" सुद्धा बंद होतं.

तर असे आपण प्रयोगाच्या दुपारी येऊन पोचतो. दुपारीच का, तर सभागृह संध्याकाळी रिकामं नव्हतं. आता भुतांचा खेळ दुपारी तीनला, आणि सभागृहाला वर ओळीनं अकरा झरोके. लख्ख उजेडात भूत दिसलं तर लोक त्याला बसायला जागा देतील. म्हणून इमारतीतल्या घराघरातून चादरी आणि रजया गोळा केल्या आणि झरोक्यांवर ठोकल्या. फुलाफुलांच्या चादरी होत्या, पण अंधार झाला.

पडदा ओढणारा माणूस आजारी पडला होता, म्हणून दोरी स्वतः सभागृहाचे व्यवस्थापक धरणार होते. हे गृहस्थ काकांच्याच जातकुळीतले. त्यांनी करारपत्राची एक प्रत मागून घेतली, कलम चारखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "दोरीपासून मला पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची तेवढी दिसते, त्या बाई दिसत नाहीत. तुम्ही त्या खुर्चीत बसा. त्या उठल्या की पांढरा रुमाल बाहेर काढा. रुमाल दिसला की मी सोडतो. मग मला कुणी काही विचारायचं नाही."

"कुणीही विचारणार नाही," काका म्हणाले. "कलमातच तसं आहे."

पावणेतीनला धाकट्या बाई आल्या. त्यांच्यामागून त्यांचा गाडीवाला सरळ पाठीची एक लाकडी खुर्ची घेऊन आला. बाईंनी सोफ्याकडे एक नजर टाकली. "यात बसले तर मला थोरलीच न्यायला येईल," त्या म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीत ताठ बसल्या, उठायला अगदी सोयीच्या. रिकामा सोफा पाहून दातांचे डॉक्टर खूश झाले. ते बसले आणि बुडाले. नंतर त्यांचे फक्त गुडघे आणि कपाळ दिसत होतं.

काका बाईंच्या डावीकडे बसले. दिवे मालवले. व्हायोलिनवाल्या मास्तरांनी पहिला सूर लावला, तो इतका कातर होता की मागच्या रांगेतली दोन मुलं आईच्या मांडीवर चढली. सभागृह भरलेलं होतं. लोक श्वास रोखून बघत होते. मुलगी रंगमंचावर आली असावी, कारण टाळ्या झाल्या.

असावी म्हणायचं कारण असं, की काकांनी रंगमंचाकडे पाहिलंच नव्हतं. ते धाकट्या बाईंच्या गुडघ्यांकडे पाहत होते.

पहिला नाच झाला, दुसरा झाला. गुडघे स्थिर होते. तिसऱ्यात बाईंच्या मांडीवरून चष्म्याची डबी पडली. त्या वाकल्या, खुर्चीचा हात धरला आणि अर्ध्या वर आल्या. काका मनात कलम वाचू लागले. हे उठणं की नाही? कलमात "उठून उभ्या राहिल्यास" असं होतं, म्हणजे क्रिया दोन, उठणं आणि उभं राहणं, आणि दोन्ही पूर्ण झाल्याखेरीज... तेवढ्यात काका स्वतःच जमिनीवर आडवे झाले, डबी शोधली आणि बाईंच्या हातात कोंबली. "आभारी आहे," बाई पुटपुटल्या आणि परत टेकल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढचे काका घाबरून पडले वाटतं." डॉक्टर मदतीला उठायला गेले, पण सोफ्यानं त्यांना सोडलं नाही.

काकांना दरदरून घाम फुटला. तो पुसायलाही सोय नव्हती, कारण रुमाल बाहेर काढला की पडदा पडणार. त्यांनी बाहीनं कपाळ पुसलं. मग चादरींच्या धुळीनं शिंक आली. ती त्यांनी दोन्ही हातांनी नाक दाबून अशी गिळली की कानात शिट्टी वाजली. विंगेतून व्यवस्थापकांचे दोन डोळे त्यांच्या खिशावर लागले होते. चौथा नाच. पाचवा. मुलीच्या पावलांचा आवाज फळ्यांवरून येत होता, कधी संथ, कधी पाऊस आल्यासारखा. ती चांगली नाचत असावी. लोक मधूनमधून "अरे वा" म्हणत होते. आपली मुलगी पंधरा पावलांवर नाचते आहे आणि आपण एका म्हातारीचे गुडघे मोजतो आहोत, या विचारानं काकांना रडू यायला लागलं, पण ते पुसायलाही पुन्हा रुमालच लागणार होता.

सहावा नाच सुरू झाला. व्हायोलिन थांबलं. दिवा विझल्याचा तो छोटा खट् आवाज झाला. आता भुतं येणार, निर्भय मुद्रा होणार, भुतं पळणार आणि मग एकच नाच उरणार. काकांनी मनात आकडे मोजायला सुरुवात केली.

पण भुतांची पावलं वाजली नाहीत. एकाच माणसाचे घुंगरू वाजत होते, अडखळत, अंधारात वाट चाचपडल्यासारखे. सभागृहात कुणी खोकेनासं झालं. हे संहितेत नव्हतं. परिशिष्टात तर नव्हतंच. काकांनी न राहवून एक क्षण मान वर केली. अंधुक उजेडात मुलगी पाठमोरी उभी होती, खांदे आखडलेले, आणि एक हात मागे लांब केलेला. कुणीतरी तो धरावा म्हणून.

काकांनी मान पुन्हा फिरवली, तर शेजारची खुर्ची रिकामी होती.

धाकट्या बाई उभ्या होत्या. सरळ, ताठ. उठणं पूर्ण, उभं राहणंही पूर्ण.

तो क्षण फार वाईट होता. कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. व्यवस्थापकांना दिसत नव्हतं. काकांनी नुसतं समोर पाहिलं असतं तर नाच पुढे चालला असता. पण स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद त्यांच्या छातीला टेकला होता, आणि एका बाईला दिलेला शब्द होता. शाळेची ती पोच त्यांना आठवली. आपण हिला दुसऱ्यांदा थांबवतो आहोत, असं त्यांना स्पष्ट वाटलं, आणि तरी त्यांचा हात खिशात गेला. रुमाल बाहेर आला.

पडदा धाडकन पडला. मुलीचा मागे केलेला हात मात्र पडद्याच्या मधल्या फटीतून बाहेरच राहिला. कोपरापासून बोटांपर्यंत, तसाच लांब केलेला. लोकांना तो प्रयोगाचाच भाग वाटला आणि मागच्या रांगेत एकजण किंचाळला.

"पडदा कुणी पाडला?" धाकट्या बाई गरजल्या.

"मी," काका उभे राहिले. "तुम्ही उठलात. कलम चार."

"अहो, मी बंद करायला नाही उठले! मला विचारायचं तरी."

"कारण न विचारता, असं आहे त्यात."

"कुणी लिहिलं असलं अगोचर वाक्य?"

काका खिशातलं करारपत्र चाचपू लागले. मागून त्यांची बायको म्हणाली, "यांनीच."

बाईंनी त्या पडद्यातून आलेल्या हाताकडे बोट दाखवलं. "थोरली अंधाराला घाबरायची. भयंकर घाबरायची. पण तिला लिहायला एवढ्याशा दिव्याभोवती अंधारच लागायचा. मग मी दारात उभी राहायचे, ती लिहून संपवेपर्यंत. मधेच ती असाच हात मागे करायची, मी आहे का बघायला. बावीस पुस्तकं मी उभ्यानं काढली आहेत. आज तो हात दिसला आणि मी उभी राहिले. बसून कशी राहू?" मग त्या पडद्याकडे वळल्या. "मुली, हे तुला कुणी सांगितलं?"

पडद्याआडून आवाज आला, "कुणी नाही. घाबरलं की मागे कुणीतरी असावंसं वाटतं. मला वाटायचं."

कुणाला कळलं असेल नसेल, काकांना कळलं. त्यांनी हातातल्या रुमालानं डोळे पुसले. पडदा आता पडलेलाच होता, त्यामुळे रुमाल वापरायला हरकत नव्हती.

"पडदा उघडा," बाई म्हणाल्या.

विंगेतून व्यवस्थापक बाहेर आले, हातात लाल रेघेची प्रत. "उघडता येणार नाही. कलम चारप्रमाणे प्रयोग संपला. पुन्हा उघडण्याची तरतूद यात नाही."

सगळं सभागृह काकांकडे पाहू लागलं. असा अडेलतट्टू माणूस समोर आला की काय करायचं असतं, हे चौतीस वर्षं काकाच अडेलतट्टू असल्यामुळे त्यांना नेमकं ठाऊक होतं. "उभय पक्षांना लेखी दुरुस्ती करता येते," ते म्हणाले आणि खिशातून मूळ करारपत्र काढलं. धाकट्या बाईंनी त्यांच्या हातचं पेन घेतलं आणि कलम चारवर आडवी रेघ मारली. नुसती नाही, कागद फाटेल इतकी जोरात. खाली सही केली. काकांनी सही केली.

"साक्षीदार?" व्यवस्थापकांनी विचारलं.

सोफ्यातून एक हात वर आला. कागद त्या हातापर्यंत खाली नेण्यात आला आणि दातांच्या डॉक्टरांनी बसल्या जागेवरून सही केली. व्यवस्थापकांनी तिन्ही सह्या ताडून पाहिल्या, मान डोलावली आणि दोरीकडे गेले.

पडदा वर गेला. मुलगी अजून तशीच उभी होती, हात मागे करून. मास्तरांनी व्हायोलिन उचललं. धाकट्या बाई उभ्याच राहिल्या, आपल्या जागी असल्यासारख्या. काका त्यांच्या शेजारी उभे राहिले, दोन्ही हात खाली सोडून, आणि पहिल्यांदाच नीट समोर पाहू लागले. त्यांची मुलगी नाचत होती. इतकी वर्षं घरात राहणारी ही मुलगी हात हलवते तेव्हा अशी दिसते, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असणार, पण त्यांनी ते लेखी मागितलं असेल.

मागून ओरडा सुरू झाला. "ओ पुढचे, खाली बसा!" "दिसत नाही हो!" कुणीतरी कागदाचा बोळा फेकला, तो काकांच्या मानेला लागला. ते हलले नाहीत.

"अहो," मागच्या रांगेतून बायको कुजबुजली, "बसा ना खाली. मला आपली पोरगी दिसत नाहीये."

"मग तूही उभी राहा," काका म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.